रत्नामावशींची मुलगी

आई मंगळवारी गेली. शुक्रवारी सकाळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर प्रेमराजनं मृणालीला विचारलं, ‘रत्नामावशींच्या मुलीचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?’

रत्नामावशींची मुलगी म्हणजे मृणालीच. पण त्या ग्रुपवरच्या सत्तावीस जणांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं.

ती नशिराबादच्या घराच्या ओट्यावर बसली होती. समोर अभिमनमामा मंडपवाल्याला हातवारे करून सावली कुठून कुठपर्यंत हवी ते समजावत होता. रविवारी अकरा वाजता विहाराच्या अंगणात आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. बहिणीला पोचवायला शिंदखेड्याहून आलेला मामा परत गेलाच नव्हता. गेला असता तर मृणाली त्या घरात एकटी उरली असती, हे त्याला न सांगता कळलं होतं.

तिनं पुन्हा फोनकडे पाहिलं. शाळेनं आपल्या पानावर बातमी टाकली होती, ‘आमच्या जुन्या कर्मचारी रत्नामावशी’, आणि खाली आईचा फोटो. निळी साडी, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर शाळेचा पृथ्वीगोलाचा बिल्ला. प्रेमराजनं ती बातमी उचलून ग्रुपवर आणली आणि सकाळपासून तिथे नुसती रीघ लागली होती. प्रशील कॅनडातून लिहीत होता, ‘मला बसमध्ये रोज उलटी व्हायची. पाच वर्षं, रोज. त्या बाईंनी एकदा नाक मुरडलं नाही.’ त्याखाली कुणी लिहिलं होतं, ‘लिंबू आठवतं का, त्यांच्या पिशवीतलं?’ स्नेहलनं लिहिलं होतं, ‘माझी पहिली पाळी बसमध्ये आली. मावशींनी पिशवीतून ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली आणि दारापर्यंत सोडायला आल्या. माझ्या आईच्या आधी मावशींना कळलं होतं.’ आणि प्रेमराजनं, त्याला म्हणींचा पहिल्यापासून सोस, लिहिलं होतं, ‘माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना, तशा होत्या.’

ते वाक्य मृणालीनं दोनदा वाचलं.

मग पत्त्याचा प्रश्न. आणि त्याच्या मागोमाग स्नेहलचा मेसेज, ‘मृणाली, शेवटी तुझ्याकडेच होत्या ना गं कामाला? तू जाऊन ये आमच्या सगळ्यांच्या वतीनं. मुलगी एकटी पडली असेल बिचारी.’

*

ती शाळा महामार्गाला लागून होती. फाटकाशी सिमेंटचा भलामोठा पृथ्वीगोल, आणि वर इंग्रजीत इंटरनॅशनल स्कूल. दर जूनमध्ये झुलाल पेंटर शिडी लावून तो गोल नव्यानं रंगवायचा. समुद्र निळा, जमीन हिरवी. दरवर्षी त्याचा हात थोडा इकडेतिकडे व्हायचा. मृणाली दहावीला पोचेतो ऑस्ट्रेलिया समुद्रात बुडाला होता आणि हिंदुस्थान आफ्रिकेला जाऊन टेकला होता. त्यावरून भूगोलाच्या तासाला मुलं एकमेकांना चिमटे काढायची.

मृणाली चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. रत्ना त्या शाळेत बसची मावशी म्हणून लागली आणि दोन वर्षांनी, कर्मचाऱ्यांच्या मुलांना असलेल्या सवलतीत, मृणालीला पहिलीत जागा मिळाली. पहिल्या दिवशी सकाळी याच ओट्यावर रत्नानं तिच्या वेण्या घातल्या, रिबिनी ओढून घट्ट केल्या आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. रत्नाचं माहेर शिंदखेड्याचं. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

“आयक. गाडीमा मी तुनी माय नही. बठ्ठासनी मावशी, तशी तुनी बी मावशी.”

“मंग घरमा?”

“घरमा माय.”

सहा वर्षांच्या मृणालीला तो खेळ वाटला. आणि ती हुशार होती, खेळात चुकणारी नव्हती. बस नशिराबादहून निघायची तेव्हा आत तिघंच असायचे, ड्रायव्हर शालिग्रामकाका, रत्ना आणि मृणाली. पहिल्या थांब्यावर दुसरी मुलं चढेपर्यंतचा तो पाच मिनिटांचा रस्ता ती आईला चिकटून बसायची. थांबा दिसला की स्वतःहून उठायची आणि चौथ्या बाकावर खिडकीशी जाऊन बसायची. शालिग्रामकाका आरशातून पाहायचे. बोलायचे काही नाहीत.

शाळेपाशी मुलं उतरताना रत्ना दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची. मृणाली मुद्दाम शेवटी उतरायची. अठ्ठावीस डोकी झाल्यावर एकोणतिसावा हात तिचा. इतरांच्या डोक्यावर जेवढा टेकायचा तेवढाच. दिवसभर पुरवायचा म्हणून ती तो हात वर्गात आठवत बसायची.

पालकसभेला मृणालीचं कुणी आलेलं दिसत नसे. रत्ना ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन बाकीच्यांच्या आयाबापांमधून फिरत असायची. सही ती सकाळीच, कुणी यायच्या आत, वहीत करून ठेवायची. वर्गशिक्षिका मेघा मॅडम पाणी घ्यायच्या निमित्तानं तिच्याजवळ उभ्या राहायच्या आणि हळूच म्हणायच्या, “गणितात जरा लक्ष द्या, बाकी उत्तम आहे.” बस, एवढीच पालकसभा.

नववीत असताना मृणालीनं एकदा विचारलं होतं, का म्हणून. रत्ना भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

“मावशीनी पोर म्हनीसन तुले कोनी मांगे बसाडाले नको.”

तेव्हा मृणालीला वाटलं होतं, शाळा संपली की हेही संपेल.

दहावीची गुणपत्रिका आली. त्यावर विद्यार्थ्याच्या नावाखाली आईचं नाव छापलेलं असतं. स्नेहल तिची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एकमेकींचे गुण बघत होत्या. स्नेहलनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “अय्या! तुझ्या आईचंही नाव रत्नाच?”

शाळा त्या दिवशी संपलीच होती. नियम पाळायचं काही कारण उरलं नव्हतं. आई पलीकडे व्हरांड्यात दहावीच्या मुलांना पेढे वाटत होती.

“हो,” मृणाली म्हणाली. “कॉमन नाव आहे गं.”

*

इंटरनॅशनल शाळेतून बाहेर पडलेली बत्तीस मुलं पुढे कुठे गेली, हे मृणालीला ग्रुपमुळे बसल्या जागी कळायचं. देशाची हद्द ओलांडलेले पाचच जण. प्रशील कॅनडात एका गोदामात रात्रपाळी करतो आणि बर्फाचे फोटो टाकतो. प्रत्येक फोटोखाली विचारतो, भरताची वांगी निघाली का? दोघी-तिघी लग्न होऊन सुरतेला. बरेचसे पुण्याला, तिथे भाड्यानं राहून जळगावच्या नावानं उसासे टाकणारे. प्रेमराज बापाच्या बी-बियाण्याच्या दुकानात शिंदखेड्याला परतला. शाळेतल्या इंग्रजीचा त्याला एवढाच उपयोग, औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर तो गिऱ्हाइकाला घडाघडा वाचून दाखवतो. “चौदा वर्षं बापानं शिकवलं ते कीटकनाशक वाचायला,” असं तोच हसत सांगायचा. स्नेहल धुळ्याला दिली. तिथे रक्त-लघवी तपासायची तिची स्वतःची लॅब.

मृणाली कुठेच गेली नाही. जळगावच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल झाली. भाड्याचा फ्लॅट घेतला, आईला नोकरी सोडायला लावली आणि नशिराबादच्या घराला कुलूप लावून तिला जळगावला आणलं. पुस्तकांत तिचं मन रमायचं. आई कडेला बसून लसूण सोलायची, म्हणायची, वाच ना मोठ्यानं. मृणाली वाचायची. कथेतल्या एखाद्या बाईवर अन्याय झाला की रत्ना लसूण टाकून म्हणायची, “मंग ती बोलस का नही?”

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, स्नेहल नणंदेच्या लग्नाचं सोनं घ्यायला जळगावला आली होती. सराफ्यातूनच तिनं फोन केला, “तुझ्या बिल्डिंगच्या खालीच येते दहा मिनिटांत, चहा टाक.” फोन स्पीकरवर होता. रत्नानं ऐकलं. मृणाली घाईनं गाद्या-उशा आवरत होती. बेल वाजली, तर दार उघडायला आईच पुढे झालेली. मृणालीनं पाठीमागून पाहिलं, आईनं पदर कमरेला खोचला होता. शाळेत खोचायची तसा.

“मावशी!” स्नेहल ओरडलीच. “तुम्ही इथे?”

“हा बेटा,” रत्ना म्हणाली, आणि चक्क शाळेतल्या मराठीत म्हणाली, “आता मृणालीताईंकडेच असते. या ना, बसा.”

मृणालीताई.

पुढे ती कितीतरी वेळा त्या क्षणाकडे परत गेली होती. बोलायला वेळ नव्हता असं नाही. स्नेहल चपला काढत होती, सोन्याच्या दुकानातल्या गर्दीचं सांगत होती, सोफ्यावर बसली, पंखा वाढव म्हणाली. एवढ्या वेळात तीन शब्द सहज मावले असते. ही माझी आई. मृणालीनं पंखा वाढवला.

रत्ना चहा घेऊन आली. स्नेहलनं कप उचलला, “मावशी, तुम्ही अजून तश्शाच आहात,” म्हणाली. रत्ना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आपल्याच घरात. तिच्या चेहऱ्यावर कसलं दुःख दिसेना, उलट खेळ बरोबर जमल्याचा आनंद असावा तशी दिसत होती. स्नेहल गेल्यावर तिनं कप उचलले आणि धुता धुता विचारलं, “अर्धाच पिनी वं ती. साखर कमी पडनी का?”

“माहीत नाही,” मृणाली म्हणाली.

त्या विषयावर मायलेकींत झालेलं बोलणं एवढंच.

त्याच संध्याकाळी स्नेहलनं ग्रुपवर टाकलं होतं, ‘ओळखा पाहू मृणालीकडे कोण आहे कामाला! आपल्या रत्नामावशी!!’ खाली वीसेक जणांनी लाल बदाम टाकले. मृणालीनं एक हसरा चेहरा टाकला होता. तो अजून तिथे होता. शुक्रवारी ओट्यावर बसून तिनं अंगठ्यानं मागे मागे जाऊन तो शोधून काढला.

*

तिनं उत्तर लिहायला घेतलं. ‘मित्रांनो, एक गोष्ट सांगायची राहिली.’ पुसलं. ‘रत्नामावशी माझ्याकडे कामाला नव्हत्या.’ हे वाचून कुणी विचारलं असतं, मग? तेही पुसलं. इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईला एक वाक्य जुळेना. शेवटी पाठवलं ते असं, ‘नशिराबाद, बुद्धविहारामागे. रविवारी अकराला कार्यक्रम आहे.’

लगेच स्नेहलचं, ‘मी येते धुळ्याहून. प्रेमराजला बरोबर घेते. तू असशील ना तिथे?’

‘हो.’

‘मुलीचं नाव काय गं?’

याला मृणालीनं उत्तर दिलं नाही. नेट गेलं असेल असं स्नेहल समजली असावी.

मामा येऊन शेजारी टेकला. उपरण्यानं मान पुसली. “शाळाना कोनी येवाव शेतस का?”

“हो मामा. दोघं जण. माझ्या वर्गातले.”

“भलं व्हयनं,” मामा म्हणाला. “ताईले बरं वाटी. बठ्ठा पोरंसना नाव घे ती. कोन कोठे गया, कोनले काय नोकरी लागनी. तुनापेक्षा तिलेच जास्त माहीत व्हतं.”

खरं होतं ते. ग्रुपवर काय आलं हे रत्ना रोज विचारायची. प्रशीलच्या बर्फाचे फोटो बघताना ती फोन नाकाशी धरायची. “गरम कपडा घालस ना तो?” म्हणायची.

मृणालीनं त्या दोन दिवसांत ठरवलं, की दोघं आले की आधी बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. कार्यक्रमाच्या आधी. आई गेल्यावर का होईना, एकदा त्यांच्यासमोर तिला आई म्हणायचं. वाक्यसुद्धा तिनं पाठ केलं. अंघोळ करताना म्हणून पाहिलं. जमत होतं.

*

रविवारी विहाराच्या अंगणात पांढऱ्या कापडाखाली सगळी वस्ती जमली. समोर टेबलावर बुद्धमूर्ती, तिच्या पायाशी आईचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. मृणाली पांढरी साडी नेसून फाटकाशी उभी होती. अकराला दहा मिनिटं असताना स्नेहलची गाडी आली. प्रेमराजच्या हातात कागदात गुंडाळलेली एक फ्रेम होती.

स्नेहलनं तिला लांबूनच पाहिलं आणि येऊन मिठी मारली. “बरं झालं बाई तू आधीच आलीस. आम्हाला इथलं कोण ओळखणार? आणि बघ, तूही पांढरंच. मी याला म्हटलं होतं, पांढरंच घालतात तिथे, तर हा निघाला होता भगवा कुडता घालून.”

“अगं, तो एकच इस्त्रीचा होता,” प्रेमराज म्हणाला. मग आजूबाजूच्या शांततेकडे बघून त्यानं आवाज खाली केला. “ही फ्रेम आणलीय. सहलीतला फोटो. त्यांच्या मुलीला द्यायची.”

“मुलगी कुठाय?” स्नेहलनं विचारलं.

मृणालीनं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य होतं. समोर स्नेहलचा चेहरा होता, पाचवीपासूनचा, उघडा, काळजीनं भरलेला. आणि त्या चेहऱ्यासमोर जीभ शाळेच्या दहा वर्षांत जशी वळायला शिकली होती तशीच वळली.

“आत आहे,” ती म्हणाली.

मग ती त्यांना घेऊन गेली आणि मागच्या रांगेत त्यांच्या शेजारीच बसली. पुढे मामा मान वळवून तिला शोधत होता.

बौद्धाचार्य युवराज सरांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. सगळ्यांचे आवाज एकात मिसळले. प्रेमराजनं इकडेतिकडे बघत हात जोडले. मग सरांनी समोरचा कागद उचलला.

“आता जलदान विधी. दिवंगत रत्नाबाईंची एकुलती एक कन्या मृणाली आणि बंधू अभिमन यांनी पुढे यावं.”

मृणाली उठली. बाजूला बघितलं नाही. खुर्च्यांच्या मधून पुढे जाईपर्यंतचं अंतर फार तर पंधरा पावलं होतं. पाठीमागे एक खुर्ची करकरली, एवढंच तिनं ऐकलं.

मामानं लोटा तिच्या हातात दिला आणि खालून आपला हात लावला. सर पालि गाथा म्हणत होते. ती पाण्याची धार वाटीत सोडत होती. वाटी भरली, काठ ओलांडून पाणी खालच्या ताटात उतरू लागलं, ताटातून पसरू लागलं. “सोडत र्‍हा,” मामा कानाशी म्हणाला. “थांबू नको.” लोटा रिकामा होईपर्यंत ती सोडत राहिली.

नंतर आदरांजली. शालिग्रामकाका बोलायला उठले. आता पूर्ण पांढरे झालेले. “वीस वर्षं गाडी चालवली बाईंबरोबर,” ते म्हणाले. “एक पोरगं कधी मागं राहिलं नाही. मोजायची ना ती. एकदा एक पोरगं बाकाखाली झोपून गेलं होतं, तर हिनं गाडी अर्ध्या रस्त्यातून परत फिरवायला लावली, कारण आकडा एकानं चुकला.” एवढंच बोलून ते बसले. मग सरांनी मृणालीकडे माईक दिला.

समोर सगळी ओळखीची माणसं. शेजारच्या भिकुबाई, तिला अंगाखांद्यावर खेळवलेल्या. वस्तीतल्या बायका. आणि मागच्या रांगेत स्नेहल, ताठ बसलेली, सरळ तिच्याकडे पाहणारी.

“रत्नामावशी,” मृणाली म्हणाली.

पुढच्या रांगेतून भिकुबाईंचा आवाज आला, “कोन मावशी? माय म्हन ना वं पोरी.”

कुणीतरी भिकुबाईंना गप्प केलं. धक्का बसलाय लेकराला, असं कुणी पुटपुटलं. मृणाली माईक धरून उभी होती. चूक कळली होती, पण ती सुधारायला जो शब्द लागत होता तो शाळेतलं माणूस समोर असताना तिनं आयुष्यात कधी उच्चारलाच नव्हता.

“मी हिला मावशी म्हणायचे,” ती शेवटी म्हणाली. “बसमध्ये. शाळेत. मावशीची मुलगी म्हणून मला कुणी मागे बसवू नये, असं हिला वाटायचं. मला कुणी मागे बसवलं नाही.” ती थांबली. “शाळेनंतर म्हणायची गरज नव्हती. तरीही मी तिला थांबवलं नाही. एकदा, माझ्याच घरी. ही माझी आई होती.”

‘होती’ म्हणताना तिचा आवाज खाली बसला आणि शेवटचा शब्द माईकमध्ये नीट उतरला की नाही, तिला कळलं नाही.

*

जेवणं झाली. पंगती उठल्या. प्रेमराज आणि स्नेहल गाडीपाशी उभे होते. प्रेमराजनं फ्रेम अजून धरूनच ठेवली होती, शाळेत गृहपाठाची वही कुणाकडे द्यायची हे न कळलेल्या मुलासारखी. मग त्यानं ती तिच्या हातात दिली.

“तुलाच द्यायची होती म्हणजे,” तो म्हणाला. मग खाकरला. “ते... ग्रुपवर मी टाकू, का तू?”

“मी टाकते.”

तिनं तिथेच उभं राहून लिहिलं, ‘रत्नामावशींची मुलगी मीच आहे. त्या माझ्याकडे कामाला नव्हत्या. माझी आई होती.’ पाठवलं. तीन दिवस न जुळलेलं वाक्य अर्ध्या मिनिटात झालं. प्रेमराजच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो काढून बघितला नाही. “चालतो मी,” म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

स्नेहल गाडीबाहेरच थांबली. डोळे लाल होते, पण आवाज कोरडा.

“मी सोफ्यावर बसले होते,” ती म्हणाली. “त्या उभ्या होत्या.”

मृणालीनं फ्रेम काखेत घेतली.

“माझ्या कमरेला ज्यांनी ओढणी बांधली त्या उभ्या आणि मी बसून चहा पिते. आणि तू बघतेस. तुझं तू काहीही कर गं, तुमचं मायलेकींचं काय असेल ते असेल. पण मला कशाला त्यात बसवलंस?” तिनं नाक पुसलं. “निदान कप तरी तू उचलायचेस.”

“हो.”

“हो काय? भांड ना माझ्याशी.”

“काय भांडू? तिनं सुरू केलं होतं. पण मला सोपं पडलं, स्नेहल.”

झाडाखाली बायका ताटं घासत होत्या, त्यांचा आवाज येत राहिला. स्नेहलनं विचारलं, “मी गेल्यावर काही म्हणाल्या का त्या?”

“तू चहा अर्धाच प्यायलीस म्हणाली. साखर कमी पडली का, विचारत होती.”

“मग तू काय सांगितलंस?”

“माहीत नाही म्हटलं.”

स्नेहल महामार्गाकडे बघत राहिली. “जास्त झाली होती,” ती म्हणाली. “तीन चमचे तरी असेल. शाळेत मला गोड आवडायचं ना, ते त्यांच्या लक्षात होतं. आता नाही चालत मला. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

तिनं गाडीचं दार उघडलं. बसण्याआधी म्हणाली, “थोडे दिवस मला फोन करू नकोस. मी करीन.”

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मृणाली उभी होती. मग तिनं फ्रेमवरचा कागद काढला. सहलीचा फोटो. बस उभी, मुलं उतरताहेत, आणि दाराशी निळ्या साडीतली आई, एका मुलाच्या डोक्यावर हात. मुलगा कोण ते ओळखू येत नव्हतं. मृणाली फोटोत कुठेच नव्हती. ती शेवटी उतरायची. फोटो काढणाऱ्याचा धीर तोवर संपला असणार.

अंगणात खुर्च्या रचणं चाललं होतं. टेबलावरच्या मेणबत्त्या वितळून बसल्या होत्या. तिनं ती फ्रेम आईच्या फोटोला टेकवून ठेवली आणि जवळ वाकली.

“साखर जास्त व्हयनी व्हती, माय,” ती म्हणाली. “कमी नही.”

मामा खुर्च्या उचलता उचलता थांबला. “काय म्हनी र्‍हायनी वं?”

“काही नही मामा,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातल्या दोन खुर्च्या आपल्याकडे घेतल्या.